बेथलेहेमच्या गुहेची वहिवाट

लूकच्या शुभवर्तमानात ख्रिस्तजन्माचा प्रत्यक्ष प्रसंग सुरू होतो तो सरकारी हुकुमाने. औगुस्त कैसराने साम्राज्याची नावनोंदणी फर्मावली, सूरियाच्या सुभ्यावर त्या वेळी क्विरीनिय होता, आणि मूळ गावी जाऊन नाव लावण्याची सक्ती झाल्यामुळे योसेफ आपल्या गर्भवती वाग्दत्त वधूस घेऊन नासरेथहून दावीदाच्या बेथलेहेमास आला. तेथे उतारशाळेत जागा न मिळाल्याने बाळ जन्मताच गव्हाणीत निजवावे लागले. क्विरीनियाची नोंदणी इ. स. 6 मधली आणि ज्याच्या राजवटीत हा जन्म झाल्याचे सांगतात तो हेरोद राजा तर इ. स. पूर्व 4 च्या सुमारासच निवर्तलेला, तेव्हा हा मेळ बसत नाही, असा इतिहासकारांचा आक्षेप आहे व तो सबळ आहे. परंतु कथाकाराचा रोख ध्यानात घेतला पाहिजे. ईश्वराने मनुष्यदेह धारण केला अशी ज्यांची श्रद्धा, त्यांना तो देह अमक्या राजाच्या अमलात, अमक्या गावच्या शिवेत जन्मला हे सांगितल्यावाचून चालत नाही. ज्याला गाव नाही आणि काळ नाही, तो जन्म कसला?

गावाचा असा आग्रह धरला की मग जागेचाही धरावा लागतो. शुभवर्तमानांत गुहेचा उल्लेख नाही. तो दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन या ख्रिस्ती लेखकाच्या लेखनात आढळतो, आणि जस्टिन हा पॅलेस्टाइनमध्येच जन्मलेला असल्यामुळे ती स्थानिकांची समजूत असावी. पुढे कॉन्स्टंटाईन बादशहाच्या आश्रयाने त्या गुहेवर ख्रिस्तमंदिर उठले, 339 साली त्याचे अर्पण झाले, आणि सहाव्या शतकात ते नव्याने बांधले गेले. आज उभे आहे ते मुख्यतः हेच. 614 च्या इराणी स्वारीत जेरुसलेमची मंदिरे उद्ध्वस्त झाली असता हे मात्र वाचले. दर्शनी भिंतीवर बाळ येशूच्या दर्शनास आलेले पूर्वेकडचे मागी लोक इराणी पेहरावात चितारलेले पाहून शिपायांनी हात आवरला, अशी आख्यायिका आहे. ती रचणाऱ्याला मनुष्यस्वभाव चांगला ठाऊक असला पाहिजे.

मंदिराचे दार जेमतेम चार फूट उंचीचे आहे. भिंत निरखून पाहिली तर वर सहाव्या शतकातल्या जस्टिनियन बादशहाच्या काळच्या प्रशस्त दरवाजाची आडवी शिळा दिसते, तिच्याखाली क्रूसयोद्ध्यांच्या काळची टोकदार कमान, आणि तीही बुजवून शेवटी उरलेली ही खिडकीवजा वाट. लुटारूंनी घोडी आत घालू नयेत म्हणून केलेला हा बंदोबस्त. भाविक मात्र त्यातून वाकून शिरताना, जो सर्वांहून थोर तो आपल्यासाठी लहान झाला, या गोष्टीचे स्मरण करतो. आणि तोच अर्थ आता दाराला कायमचा चिकटला आहे.

खाली गुहेत संगमरवरावर चौदा टोकांचा रुपेरी तारा जडविलेला असून, येथे कुमारी मरियेपासून येशू ख्रिस्त जन्मला, असे त्यावर लॅटिनमध्ये कोरलेले आहे. 1717 साली बसविलेला मूळ तारा 1847 च्या ऑक्टोबरात एकाएकी नाहीसा झाला. लॅटिन अक्षरे हा लॅटिन, म्हणजे रोमन कॅथलिक, पंथाच्या हक्काचा दाखलाच असल्यामुळे ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथीयांनी तो तारा उपटून नेला, असा आरोप झाला. लॅटिनांच्या मागे फ्रान्स आणि ग्रीकांच्या पाठीशी रशिया उभा राहिला. बेथलेहेम तेव्हा ज्याच्या अमलात होते त्या तुर्की सुलतान अब्दुल मजीदाने 1852 च्या फर्मानाने जैसे थे स्थिती कायम केली, नवा ताराही देवविला, तरी तंटा मिटला नाही आणि क्रिमियाच्या युद्धाच्या कारणांत तो जमा झाला. फर्मानाचा दंडक अद्याप चालू आहे. ताऱ्याभोवतीच्या पंधरा दिव्यांपैकी सहा ग्रीकांचे, पाच आर्मेनियनांचे, चार लॅटिनांचे. कोणता भाग कोणी झाडावयाचा हेही ठरलेले, कारण जो झाडतो त्याची वहिवाट शाबीत होते. कोकणातल्या भाऊबंदकीत सामाईक माड कोणी शिंपला यावरून दिवाणी दावे चालावेत, तसाच हा प्रकार. 2011 च्या डिसेंबरात तर ग्रीक आणि आर्मेनियन धर्मगुरूंची या झाडलोटीवरून झाडूंनीच मारामारी झाली.

या प्रकारास हसणे सोपे आहे. पण देव नेमका येथे जन्मला असे ज्यास मनापासून वाटते, तो येथली एक फरशीही सहजासहजी दुसऱ्याच्या हवाली कशी करील? दुसरी वाट असिसीच्या फ्रान्सिसने दाखविली. 1223 च्या नाताळात इटलीतील ग्रेच्चो गावी त्याने गवत, बैल आणि गाढव आणून गव्हाण मांडली. ही दोन जनावरे शुभवर्तमानांत कोठेही नाहीत, ती यशयाच्या ग्रंथातून आलेली. तरी त्यांच्यावाचून आता कोणाचा देखावा पुरा होत नाही. वसईच्या किंवा गोव्याच्या अंगणात पेंढा पसरून उभा राहणारा नाताळचा गोठा याच परंपरेतला, आणि त्याला कोणाच्या फर्मानाची गरज लागत नाही. गंमत अशी, की बेथलेहेमात लॅटिनांचे हक्क सांभाळण्याचे, म्हणजेच दिवे आणि पायऱ्या मोजण्याचे काम शतकानुशतके फ्रान्सिसच्याच संघाकडे आहे.

या हक्कांच्या वादात बेथलेहेमच्या मंदिराचे छत कोणी दुरुस्त करावे यावरही एकमत न झाल्यामुळे पावसाचे पाणी वर्षानुवर्षे आत ठिबकत राहिले. पॅलेस्टिनी शासनाने पुढाकार घेतला, तिन्ही पंथांनी संमती दिली, तेव्हा कोठे 2013 साली काम सुरू झाले. नाताळ मात्र तेथे अजूनही तीन वेळा होतो: लॅटिनांचा 25 डिसेंबरास, ग्रीकांचा 7 जानेवारीस आणि आर्मेनियनांचा 19 जानेवारीस.