विधी महाविद्यालयांतील प्रवेश व वंश, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विधी महाविद्यालयांतील प्रवेश देताना वंश विचारात घ्यावा की नाही, यासंबंधीचा न्यायालयीन व शैक्षणिक विवाद. वकील, न्यायाधीश व अनेक लोकप्रतिनिधी याच संस्थांतून येत असल्यामुळे तेथील प्रवेशास सार्वजनिक सत्तेतील सहभागाचे महत्त्व आहे.

प्लेसी खटल्यात (१८९६) मान्य झालेल्या ‘पृथक परंतु समान’ या तत्त्वाच्या आधारे दक्षिणेकडील राज्यांनी कृष्णवर्णीयांना आपल्या विद्यापीठांबाहेर ठेवले. परराज्यातील शिक्षणाचे शुल्क देऊन राज्याला आपली जबाबदारी टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गेन्स खटल्यात (१९३८) ठरविले. टेक्ससने हेमन स्वेट यांच्या मागणीनंतर कृष्णवर्णीयांसाठी स्वतंत्र विधी महाविद्यालय काढले. परंतु अध्यापकांचा लौकिक, माजी विद्यार्थ्यांचे वजन व संस्थेची प्रतिष्ठा यांची बरोबरी अशा संस्थेत होऊ शकत नाही, असा निर्णय न्यायालयाने १९५० मध्ये एकमताने दिला.

बंदी उठली, तरी कृष्णवर्णीयांची संख्या अल्पच राहिली. पदवी परीक्षेतील गुण व १९४८ पासून सुरू झालेली विधी प्रवेशचाचणी हे निवडीचे मुख्य निकष बनले. निकृष्ट शाळांत शिकावे लागलेले विद्यार्थी त्यांत मागे पडत. म्हणून १९६० नंतर अनेक महाविद्यालयांनी वंश विचारात घेण्यास प्रारंभ केला. वैद्यकीय प्रवेशासंबंधीच्या बॅकी खटल्यात (१९७८) ठराविक जागा राखणे अवैध, परंतु वंश हा अनेक घटकांपैकी एक मानणे वैध ठरले.

अशा धोरणाने गुणी अर्जदारांवर अन्याय होतो, असा विरोधकांचा आक्षेप आहे. रिचर्ड सँडर यांनी २००४ मध्ये त्याने लाभार्थींचेच नुकसान होते, असे प्रतिपादन केले. अन्य अभ्यासकांनी त्यांची अनुमानपद्धती सदोष ठरविली. कॅलिफोर्नियात १९९६ च्या लोकनिर्णयाने हे धोरण निषिद्ध झाले. परिणामी १९९७ मध्ये बर्कली येथील विधी महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात एकच कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल झाला व त्यालाही प्रवेश आदल्या वर्षीच मिळालेला होता.

मिशिगनच्या ग्रटर खटल्यात (२००३) न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी हे धोरण वैध ठरविले. मात्र २५ वर्षांनी त्याची आवश्यकता उरणार नाही, अशी अपेक्षा न्यायाधीश सँड्रा डे ओकॉनर यांनी व्यक्त केली. जून २०२३ मध्ये हार्व्हर्ड व नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत वंशाधारित प्रवेश अवैध ठरले. वंशामुळे आपल्या आयुष्यावर झालेला परिणाम अर्जदाराने निबंधात सांगितल्यास तो विचारात घेण्यास मात्र मुभा राहिली. अशा रीतीने समान संरक्षणाच्या एकाच तत्त्वाखाली १९५० मध्ये वंशावरून प्रवेश नाकारणे आणि २०२३ मध्ये वंश पाहून प्रवेश देणे, ही दोन्ही अग्राह्य ठरली.