हलालखोर निघून गेले असते तर

१८९६ च्या मुंबईतील प्लेगवर लिहिणारे बहुतेकजण डॉ. अकासिओ व्हिएगस यांच्यापासून सुरुवात करतात. ते रास्तच आहे. सप्टेंबरात मांडवीत हा रोग त्यांनी ओळखला. पुढे जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. तेही मोठेच काम. पण मी एका सफाई कामगार बाईचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर. इस्पितळाचा इतिहास वाचताना माझा पहिला प्रश्न वेगळा असतो : तिथली घाण कोण काढत होते?

आर्थर रोडचे इस्पितळ, म्हणजे आजचे कस्तुरबा, हे त्या साथीतले म्युनिसिपालिटीचे मुख्य इस्पितळ. डॉ. चोक्सी तिथे राबत होते. ऑक्टोबर १८९६ च्या आरंभी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला, की रोगी सापडला तर त्याला वेगळे काढावे, लागल्यास जबरीने इस्पितळात न्यावे. मग लोक रोगी लपवू लागले. लपवलेला रोगी शेवटच्या घटकेला सापडे आणि इस्पितळात जाऊन मरे. ते मरण पाहून शेजारी आपला रोगी आणखी खोल लपवीत. तिथे माणसांची मोमियाई काढतात, अशी अफवा उठली. आमचे विद्वान याला अडाणीपणा म्हणून मोकळे होतात. ज्याच्या खोलीत शिपाई घुसून आजारी बायको उचलून नेतो, त्याने कशावर विश्वास ठेवायचा होता? २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार त्या इस्पितळावर चालून गेले.

लगेच हुकूम सैल झाला. त्यामागे दंग्याची भीती होतीच. पण आणखी एक भीती सरकारी कागदांत नमूद आहे. शहराचा मैला वाहणारे हलालखोर आणि झाडूवाले घाबरून निघून गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, ही ती भीती. ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता, त्यांच्या पायांवर सारे शहर उभे होते आणि साहेबाला ते कळले होते.

सैल हुकूम मात्र सर्वांना सारखा नव्हता. ज्याची घरी वेगळी सोय होऊ शकते त्याला नेऊ नये, असे ठरले. चाळीतल्या एका खोलीत दहाजण राहणाऱ्याची वेगळी सोय कुठली?

पुढे १८९७ पासून निरनिराळ्या जातीजमातींना आपापली प्लेग-इस्पितळे काढू दिली. आपला स्वयंपाकी, आपले पाणी, आपली माणसे. लोकांचा विरोध ओसरला. रोगी विश्वासाने आला तरच इस्पितळ चालते, हे सरकार शिकले. पण तो विश्वास जातीच्या भिंतीआड बांधला गेला. ज्यांच्या जातीत शेठ नव्हता त्यांचे काय? याच सुमारास पुण्याजवळ हडपसरच्या बाजूला डॉ. यशवंत फुले यांनी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर तिथे आणले. १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगनेच गेल्या.

त्याच वर्षीचा साथरोग कायदा २०२० मध्ये कोविडसाठी पुन्हा बाहेर निघाला. या वेळी इस्पितळे पुष्कळ शिकली, हे मान्य केले पाहिजे. खाटेसाठी एकाच ठिकाणी फोनांची झुंबड उडाली, तेव्हा मुंबई महापालिकेने २४ विभागांत वॉर रूम उघडल्या. खाट कुठे मोकळी आहे हे विभागातच कळू लागले. गोरेगावला, वांद्रे-कुर्ला संकुलात तात्पुरती इस्पितळे उभी राहिली. पण सौम्य रोग्याने घरी राहण्यासाठी अट होती स्वतंत्र खोलीची आणि संडासाची.

माझी आई तेव्हा एका मोठ्या इस्पितळात कंत्राटी सफाईला होती. सुरुवातीला डॉक्टरांना पूर्ण पोशाख मिळाले, हिला एक कापडी मास्क आणि हातमोज्यांचा एक जोड. तो ती घरी धुऊन वाळत घाली. एके सकाळी सगळ्या बायकांनी बादल्या खाली ठेवल्या आणि वॉर्डाबाहेर बसल्या. दुपारपर्यंत मुकादम पोशाखांची खोकी घेऊन आला. मी विचारले, ‘आये, भीती नाही वाटली?’

‘वाटली ना. पन आमी बसलो तवा त्यास्नी जास्त वाटली.’

जुलैत तिला लागण झाली. आमचा संडास चाळीचा, म्हणून तिला केंद्रात नेले. कंत्राटदाराने तेवढ्या दिवसांची मजुरी कापली. मी इस्पितळाकडे अर्ज केला. उत्तर आले, या नावाची कर्मचारी आमच्या नोंदीत नाही. ते पत्र मी जपून ठेवले आहे.