कोयनेचा 'कोयो'

नोव्हेंबर आला की कुणाचे तरी क्योतोचे फोटो येतातच. लालबुंद मेपल, मागे देऊळ... या रंगांना जपानीत 'कोयो' म्हणतात, आणि ते बघायला सहली काढायची तिथली पद्धत शेकडो वर्षं जुनी. आपल्याकडे कोयो नाही, पण कोयना आहे! (पीजे सहन करा.)

सह्याद्रीचं वेळापत्रक मात्र वेगळं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पठारं सोनकीने पिवळी होतात, मग गवत सोनेरी पडतं. लाल पानं हवीत तर फेब्रुवारी-मार्चात जा, कोशिंबाला तेव्हा लालभडक पालवी येते. तिकडे पान गळायच्या आधी लाल होतं, इकडे फुटताना.

मला जास्त नवल वाटतं ते या देखाव्याच्या वयाचं. बामणोलीहून लाँचने वासोट्याकडे निघालात की दोन्हीकडे पाणी आणि जंगल. 'अनटच्ड नेचर' वगैरे आपण लगेच म्हणून मोकळे होतो. पण १८१८ साली जनरल प्रित्झलरने वासोटा घेतला आणि तिथे कैदेत असलेले हंटर व मॉरिसन हे इंग्रज अधिकारी सुटले, तेव्हा खाली तलाव नव्हताच. नदी होती, भातखाचरं होती, गावं होती.

शिवसागर जलाशय १९६०च्या दशकातला. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना दक्षिणेला वाहत येते आणि हेळवाकपाशी पूर्वेला वळते. तिथेच १०३ मीटर उंचीचं धरण बांधलं, मागे १०५ टीएमसी पाणी साठलं. खोऱ्यातली माणसं उठून कुठे गेली? कोणी सोलापूरच्या माळावर, कोणी रायगड-ठाण्याकडे. भातशेती करणाऱ्याला सोलापूरचा माळ देणं म्हणजे काय, विचार करा.

त्यात ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा भूकंप. कोयनानगरातली बहुतेक घरं पडली, परिसरात पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. धरणाला तडे गेले, पण ते टिकलं. जलाशयामुळे झालेला जगातला सर्वांत मोठा भूकंप म्हणून शास्त्रज्ञ आजही याचंच उदाहरण देतात.

माणसं गेली तिथे झाडी दाटत गेली. १९८५ साली अभयारण्य झालं, २०१० साली व्याघ्र प्रकल्प, २०१२ साली युनेस्कोच्या यादीत नाव. अभयारण्याचे निर्बंध आले ते उरलेल्या गावांवर. जंगल वाचलं हे चांगलंच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याची किंमत कुणी मोजली, हे माहितीफलकावर दोन ओळींत तरी लिहायला काय हरकत आहे?

२०१८ साली धरणग्रस्त कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते. मागणी जुनीच, पुनर्वसनाच्या जमिनीची. धरणाला तेव्हा पन्नासहून जास्त वर्षं झाली होती.