पाच औंसांचा हिशेब

बायकांना दुसऱ्याचं मन चटकन कळतं, असं आपण सहज म्हणतो. हल्ली त्याला मेंदूचा दाखलाही जोडतो. हा दाखला आला कुठून, ते आज पाहू.

१८८७ साली जॉर्ज रोमानिस या डार्विनच्या तरुण सहकाऱ्याने इंग्लंडमधल्या एका मासिकात लेख लिहिला. स्त्रीचा मेंदू पुरुषाच्या मेंदूपेक्षा सरासरी पाच औंस, म्हणजे सुमारे १४० ग्रॅम हलका. तेव्हा तिची बुद्धीही कमीच असणार, असा त्याचा निष्कर्ष. मात्र माया, सहानुभूती, त्याग यांत ती श्रेष्ठ, हेही त्याने लिहिलं. आता गंमत पाहा. बुद्धी तराजूत घातली. माया मात्र न तोलताच बाईच्या पदरात टाकली. एक काढून घेतलं, त्याची ही भरपाई!

पुढे लंडनच्या ॲलिस ली यांनी जिवंत माणसांच्या डोक्याची मापं घेऊन कवटीचं आकारमान काढलं. १९०१ साली ते प्रसिद्ध झालं. काही नामांकित शरीरशास्त्रज्ञांच्या कवट्या विद्यार्थिनींच्या कवट्यांपेक्षा लहान भरल्या! बुद्धीचा हिशेब असा डळमळला. मायेचा तसाच चालू राहिला. २००३ साली केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांनी पुस्तकच लिहिलं: स्त्रीच्या मेंदूची घडण मुख्यतः समानुभूतीसाठी, पुरुषाची व्यवस्था समजून घेण्यासाठी. ही सरासरीची गोष्ट आहे, प्रत्येकाची नव्हे, असं ते स्वतःच बजावतात. पण आपण ऐकताना सरासरी गाळून टाकतो.

आणि मोजायचं कसं? १९८३ साली आयझेनबर्ग आणि लेनन यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. 'तुम्ही किती हळवे?' असं विचारलं की फरक मोठा दिसतो; नाडी, घाम अशा शरीराच्या खुणा पाहिल्या की तो दिसत नाही. २००१ साली क्लाइन आणि हॉजेस यांच्या प्रयोगात, दुसऱ्याच्या मनातलं अचूक ओळखल्याबद्दल पैसे देऊ केले, तेव्हा स्त्री-पुरुषांतला फरक उरला नाही. म्हणजे पुरुषांना जमत नव्हतं असं नाही. तेवढं लक्ष घालावंसं वाटत नव्हतं.

यावरून मेंदूत काहीच फरक नाही, असं सिद्ध होत नाही. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा मुद्दा वेगळा आहे. स्त्रीचा 'स्वभाव' म्हणून जे दाखवतात ते बरंचसं घडवलेलं असतं, हे मिलने १८६९ मध्येच सांगून ठेवलंय. आणि समजा, फरक निसर्गाचाच निघाला. तरी 'आहे' यावरून 'असायला हवं' निघत नाही.

हा वाद नुसता पुस्तकी नाही. घरात कोणी अंथरुणाला खिळलं की रात्री उशाशी कोण बसतं? 'तिला ते उपजतच जमतं' म्हटलं, की पाळी लावायला नको, मोबदला नको, आभारही नकोत. अशी सबब मेंदूच्या नावावर खपवण्याआधी निदान एक रात्र आपण पुरुषांनी जागून पाहावी. जमतं की नाही, ते कळेल.