पहिल्या तट्टाचे मोल

गेल्या दिवाळीनंतर इंदूरहून एका जुन्या मित्राचा फोन आला. "तू इतिहासातला माणूस. आमचं तट्टू विकायचंय, किती मागू ते सांग." मी हसलो, पण तो थट्टा करत नव्हता. मुलगी सात वर्षांची असताना सारंगखेड्याच्या यात्रेतून त्याने ते 45,000 रुपयांना आणले होते. आता ती तेरा वर्षांची झाली आणि तिचे पाय तट्टाच्या पोटाखाली लोंबू लागले. घेणारे त्याच वस्तीतले, एका शिक्षकाचे घर. त्यांचा मुलगा सहा वर्षांचा. एका हेड्याने सांगितले, म्हातारे झालेय, पंधरा हजारांच्या वर कोणी देणार नाही. रपेट शिकवणाऱ्या एकाने सांगितले, पोराला सांभाळून नेणारे जनावर आहे, ऐंशी हजार माग. फोन ठेवता ठेवता मित्र आणखी एक गोष्ट बोलला. तट्टू ढोल-ताशाला बुजते. एकदा त्याने मुलीला पाडले होते आणि तिचे मनगट मोडले होते. "हे सांगायलाच हवं का रे?"

मी म्हटले, विचार करून सांगतो. इतिहासवाल्यांची ही नेहमीची पळवाट.

घोड्याच्या किमतीचा विषय निघाला की मराठी माणसाला झाशीची गोष्ट आठवते. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत उत्तरेत होते आणि झाशीच्या वेढ्यात सापडले होते. त्यांचा 'माझा प्रवास' पुढे 1907 मध्ये छापला गेला. उत्तर हिंदुस्थानात घोड्याची पारख असलेली जी तीन माणसे तेव्हा नावाजलेली होती, त्यांत ते लक्ष्मीबाईंना धरतात. एक सौदागर दोन घोडे घेऊन आला. दोन्ही दिसायला देखणे. बाईंनी दोघांवर बसून त्यांना फिरवले आणि एकाची किंमत हजार रुपये सांगितली, दुसऱ्याची पन्नास. दुसऱ्याच्या छातीत दोष होता. सौदागराने तो कबूल केला. भटजींची ही गोष्ट ऐकीव असेल आणि सांगता सांगता तिला थोडे तेज चढलेही असेल. मला तिच्यातली पद्धत महत्त्वाची वाटते. बाईंनी रंग पाहून किंमत केली नाही, भोवरे मोजून केली नाही. वर बसल्या, जनावर चालवले आणि मग आकडा सांगितला.

बाजार मात्र रंग आणि भोवरेच पाहत आला आहे. चारी पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी, गळ्याशी देवमणीचा भोवरा असलेला, अशांना भाव चढा. डोळ्याखाली भोवरा असेल तर तो आसूढाळ, म्हणजे मालकाच्या घरी रडे आणणारा. एकच पाय पांढरा असेल तर अर्जळ. अशी जनावरे चालीला कितीही चांगली असली तरी पडत्या भावाने जात. त्याहून जुनी मोजपट्टी मुलखाची. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे प्रकरण आहे. तिथे कांबोज, सिंधू, आरट्ट आणि वनायू या मुलखांचे घोडे उत्तम, बाह्लिक वगैरे मधले आणि बाकीचे सगळे हलके. आमच्या भीमा-नीरेच्या खोऱ्यातली तट्टे अर्थातच 'बाकीचे सगळे' मध्ये जमा झाली असती. पुढे त्यांच्याच पाठीवर मराठ्यांच्या फौजा दूरदूर गेल्या, हा भाग वेगळा. या भीमथडी तट्टांची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद अगदी अलीकडे झाली.

पण ह्या सगळ्या मोजपट्ट्या जनावर काय आहे एवढेच विचारतात. व्यवहारात त्याहून अवघड प्रश्न दुसराच असतो. जनावराविषयी जे कळलेले नाही, त्याचा धोका कोणी उचलायचा? राजेरजवाड्यांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे पाहण्यासारखी आहेत. विजयनगरचा साळुव नरसिंह होर्मुझ आणि एडनहून येणारे घोडे सरसकट घेई, असे पोर्तुगीज व्यापारी नुनीझ लिहितो. हजार परदावांना तीन, जिवंत असोत की मेलेले. समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी पूर्ण पैसे मिळत. ऐकायला हा वेडेपणा वाटतो. पण सौदागरांनी दुसऱ्याच्या बंदराकडे वळू नये म्हणून समुद्राचा धोका राजा स्वतःच्या खजिन्यावर घेत होता. गोव्याला पोर्तुगीज बसले त्यामागेही या घोड्यांच्या व्यापाराची ओढ होती.

मराठी फौजेतल्या शिलेदाराची गोष्ट उलट. घोडा त्याचा स्वतःचा. तो मेला किंवा लंगडा झाला की घरादारावर घाला. म्हणून चाकरीत घेताना घोड्याची किंमत ठरवून ठेवायची आणि लढाईत तो पडला तर भरपाई द्यायची, अशी रीत होती. ती रक्कम वेळेवर हाती पडण्याचा भरवसा मात्र नसे, आणि शिलेदार घोडा जपून लढतात अशी तक्रार त्यातूनच निघाली. बारगिराला घोडा सरकारी पागेचा मिळे. सभासद बखरीत पंचवीस बारगिरांमागे एक पखाली आणि एक नालबंद सांगितला आहे. हा बारीक तपशील मला फार आवडतो. विकत घेताना मोजलेले पैसे ही किमतीची फक्त सुरुवात असते. पाणी आणि नाल यांचा खर्च त्यानंतर रोजचा. मित्राच्या शेजाऱ्यांनी दाण्याचा हिशेब केला होता, नालबंदाचा नव्हता.

बाजारातला सौदा आणखी निराळा. सोळाव्या शतकाच्या आरंभी कालिकतला आलेला इटालियन प्रवासी वार्थेमा लिहितो, तिथले व्यापारी आणि दलाल कापडाखाली हात घालून बोटांच्या पेरांनी भाव ठरवतात, तोंडाने एक अक्षर बोलत नाहीत. आपल्याकडच्या गुरांच्या आणि घोड्यांच्या बाजारांत रुमालाखालचे हे बोलणे पाहिलेली माणसे अजून भेटतात. चौघांपुढे भाव फुटत नाही, कमी बोली लावणाऱ्याची लाज राखली जाते, ही त्यातली सोय. अडचण अशी की दोन हातांच्या पलीकडे त्या व्यवहारात कोणाला जागा नसते. घोड्यावर जो बसणार, तो रुमालाबाहेरच असतो.

मुलासाठी तट्टू घेताना हीच गोष्ट सगळ्यात नडते. खरे तर 'मुलाचे पहिले तट्टू' ही वेगळी खरेदी आपल्याकडे सरदार-जहागीरदारांच्या वाड्यांपुरतीच होती. दख्खनच्या माळावर मेंढपाळ धनगरांच्या तळावरचे पोर पहिल्यांदा ज्यावर बसे ते घरचे ओझ्याचे तट्टू. बिऱ्हाड, भांडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे आणि त्यांच्यातच एक पोर. तळ हलला की अजूनही हे दृश्य दिसते. त्या तट्टाची पोरासाठी म्हणून वेगळी किंमत कोणी केली नाही. ज्याच्या पाठीवर सगळे घर जाते, त्याची परीक्षा दररोजच होत असते.

विकत घेतलेल्या बालतट्टाची खरी परंपरा ब्रिटनची, आणि तिच्या मुळाशी एक काळीकुट्ट गोष्ट आहे. 1842 च्या कायद्याने तिथल्या खाणींत बायकांना आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना जमिनीखाली काम करण्यास बंदी झाली. कोळशाचे गाडे ओढायला बुटक्या तट्टांची मागणी वाढली. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरची तट्टे खाणीत जाऊ लागली. 1870 नंतर लॉर्ड लंडनडेरीने ब्रेसे आणि नॉस या बेटांवर खास आपल्या खाणींसाठी त्यांची पैदास केली. पाय आखूड, हाडे जाड, उंची जितकी कमी तितकी बरी. 1890 मध्ये शेटलंड तट्टांची वंशावळ नोंदवणारी संस्था निघाली. लंडनडेरीची पैदास 1899 मध्ये मोडली. त्या तट्टांचा वंश पुढे सधन घरांतल्या मुलांच्या खोगिराखाली पसरला. एका वर्गाची मुले खाणीतून बाहेर आली, त्यांच्या जागी तट्टे गेली, आणि खाणीच्या मापाने घडवलेली तीच जात दुसऱ्या वर्गाच्या मुलांचे खेळणे झाली. बुटकेपणाला भाव आला तो आधी कोळशामुळे.

लहान मुलासाठीच्या जनावराचा हिशेब बाजाराच्या उलटा चालतो, हे यातून ध्यानात येते. बाजारात वय वाढले की भाव उतरतो. दात पाहून वय सांगतात, आणि दात कोरून, काळे करून ते चोरतातही. पण सहा वर्षांच्या मुलाला चार वर्षांचे उमदे शिंगरू देणे म्हणजे दोन पोरांना एकमेकांच्या हवाली करणे. चौदा-पंधरा वर्षांचे, दुडकीच्या पुढे जायचा कंटाळा असलेले तट्टू त्याला हवे. हेड्याचे पंधरा हजार लग्नाच्या वरातीच्या हिशेबाने बरोबर होते. रपेटवाल्याचे ऐंशी हजार मुलाच्या हिशेबाने. पण त्या ऐंशी हजारांत 'सांभाळून नेणारे' हा शब्द होता आणि मनगटाची गोष्ट नव्हती.

या प्रश्नावर मला सगळ्यात नेमके बोलणे धर्मशास्त्रात सापडले. नारदस्मृती सांगते, माल निर्दोष म्हणून दाखवून सदोष देणाऱ्याने घेणाऱ्याला दुप्पट किंमत द्यावी आणि तेवढाच दंडही भरावा. याज्ञवल्क्याने विकत घेतलेल्या वस्तूची परीक्षा किती दिवसांत करावी याची यादी दिली आहे. लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात, बियाण्याला दहा. याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत मिताक्षरा लिहिली, म्हणजे हा विचार दख्खनच्या घरचाच. त्याच यादीत दासाला पंधरवडा आणि दासीला महिना दिला आहे, हे वाचताना जीभ अडखळते, पण ते गाळून बाकीचे शहाणपण तेवढे उचलणे मला जमत नाही. माणसांच्या खरेदीतही ज्यांना घेणाऱ्याची फसवणूक दिसली, त्यांना विकल्या जाणाऱ्याचे काहीच दिसले नाही. रुमालाबाहेर कोण राहतो, हा प्रश्न तेव्हाही होता.

मी मित्राला फोन करून एवढेच म्हटले, की आकडा मला सांगता येणार नाही. ढोलाचे आधी सांग, आणि तट्टू पाच दिवस त्यांच्याकडे ठेव.

"पाचच का?"

"याज्ञवल्क्य म्हणतो म्हणून."

तो वैतागला. ढोलाचे सांगितले तर किमतीतले वीस हजार तरी गेले, म्हणाला. तरी त्याने सांगितले. त्या मुलाची आजी बराच वेळ गप्प बसली आणि मग तिने एकच विचारले, "कुठल्या बाजूला उडी घेतं?" याला ते ठाऊक नव्हते. मुलीला ठाऊक होते. डावीकडे.

पाच दिवसांनी सौदा 38,000 ला ठरला, खोगीर आणि खरारा त्यातच. नालबंद दर दीड महिन्याने यायचा, त्याच्या पहिल्या दोन फेऱ्यांचे पैसे मित्राने द्यायचे. मुलगा मोठा झाल्यावर तट्टू विकायचे झाले तर आधी यांना विचारायचे, असेही ठरले. हे शेवटचे कलम कागदावर नाही. कागदावर आहे ती मुलीने वहीचे पान फाडून लिहिलेली यादी, मित्राने मला तिचा फोटो पाठवला. डावीकडे बुजतं. पाण्यात पाय घालायच्या आधी थांबतं, तेव्हा ओढायचं नाही. गूळ खिशात ठेवला तर खिसा फाडतं. वरात दिसली की उतरायचं, लाज नाही वाटून घ्यायची, मी पण उतरायचे.