अंगणातल्या कुत्र्यासाठी घर आणि कुंपण : पाऊस, ऊन आणि बिबट्या, तिन्हींचा विचार करून

प्रतिनिधी / खानापूर

रोहिणीचा पाऊस पडला की आपण कौलं शाकारतो, गोठ्यावर ताडपत्री घालतो, जळण आत घेतो. अंगणात बांधलेल्या कुत्र्याचा विचार मात्र बहुतेक घरांत पहिल्या मोठ्या पावसानंतर होतो. तोवर ते वळचणीला अंग चोरून बसलेलं असतं, पाठ भिजते आणि साखळी पुरत नाही म्हणून सरकताही येत नाही. राखणीला कुत्रा हवा असेल, तर त्याचा निवाराही नीटच हवा. त्याला खर्च फार येत नाही, मापं बरोबर पाहिजेत.

आमच्या घरी पहिलं घर केलं ते चुकलंच होतं. वेल्डरकडून पत्र्याची ऐसपैस पेटी करून घेतली, वर लाल रंग दिला. कुत्रा तीत एक दिवस झोपला नाही. मे महिन्यात पत्रा तापायचा, जूनमध्ये दारातून पाणी आत यायचं. तो गाडीखाली झोपायचा. नंतर लक्षात आलं, पेटी आम्ही आमच्या डोळ्यांना बरी दिसेल अशी केली होती.

माप कसं घ्यायचं

कुत्र्याचं घर मोठं असलं की चांगलं, हा समज चुकीचा. थंडीत कुत्रा स्वतःच्या अंगाच्या उबेनेच आतली जागा गरम ठेवतो. पोकळी जास्त असली की ती ऊब टिकत नाही. टेप घेऊन तीन मापं घ्या.

- नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी. ती 32 इंच भरली तर त्यात पाव भाग मिळवा, म्हणजे घराची लांबी 40 इंच.
- उभा असताना डोक्यापर्यंतची उंची. ती 26 इंच असेल तर आतली उंची 30 इंच पुरे. रुंदी आत गोल वळता येईल इतकी, म्हणजे साधारण 28 इंच.
- जमिनीपासून खांद्यापर्यंतची उंची. दार तिच्या पाऊणपटीपेक्षा कमी नको. खांदा 20 इंचांवर असेल तर 15 इंच कमीत कमी, 17 ठेवलं तर सोयीचं. कुत्रा थोडं वाकून आत जातो, त्याला अडचण होत नाही.

पिल्लू असेल तर ते मोठं झाल्यावर किती होईल त्या अंदाजाने घर करा आणि मधे एक फळी घालून जागा लहान ठेवा.

दार पूर्वेला, जोतं उंच

आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो. कणकुंबी, जांबोटी भागात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. म्हणून दार पूर्वेला किंवा ईशान्येला ठेवा. सकाळचं कोवळं ऊन आत जातं, दुपारनंतरचं तापलेलं ऊन मागच्या भिंतीवर पडतं. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादकडेही हाच हिशोब चालतो, कारण उन्हाळ्यात तिथे पश्चिमेचा वारा भाजून काढतो.

तळ जमिनीपासून किमान सहा इंच वर हवा. चार चिरे ठेवून वर फळ्यांचा तळ घातला तरी चालतं. खालून वारा खेळतो, ओल चढत नाही, वाळवी लागली तर लवकर दिसते. छप्पर मागे उतरतं ठेवा आणि दारावर एक फूट पुढे काढा.

छपराला नुसता पत्रा नको. पत्रा घालायचाच तर खाली दोन-तीन इंच पोकळी सोडून बांबूची चटई किंवा प्लायवूड लावा. त्याहून सोपं म्हणजे जुन्या घराची उतरवलेली मंगलोरी कौलं. ती गावात कुणाच्या ना कुणाच्या परसात रचून ठेवलेली असतातच. छपराखाली मागच्या बाजूला दोन झरोके ठेवा, नाहीतर पावसाळ्यात आत कुबट वास धरतो.

लाकडाला वाळवी लागू नये म्हणून गाडीचं जळकं ऑईल किंवा डांबर फासायची आपल्याकडे सवय आहे. कुत्रा चाटतो, कुरतडतो. ते त्याच्या पोटात जातं. रंग द्यायचाच तर बाहेरून द्या आणि पूर्ण वाळल्यावरच कुत्र्याला आत सोडा.

अंथरूण आणि गोचीड

थंडीत भाताचं पिंजर उत्तम. ऊब धरतं, बदलायला सोपं. पावसाळ्यात ते भिजून कुजतं, तेव्हा गोणपाट किंवा जुनी सतरंजी बरी. आठवड्यातून एकदा उन्हात टाका. मुधोळ जातीच्या कुत्र्याला अंथरूण जास्त लागतं. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेल्या आणि 2005 साली टपाल तिकिटावर आलेल्या या कुत्र्याच्या अंगावर चरबी कमी, केस आखूड. बेळगावची डिसेंबरची थंडी त्याला झोंबते. ग्वाल्हेरच्या जानेवारीत तर दाराला गोणपाटाचा पडदा हवाच.

कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड अंडी घालायला खाली उतरते आणि भिंतीच्या, फळ्यांच्या फटीत शिरते. एक मादी हजारांच्या घरात अंडी घालते. म्हणून नुसत्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही. फटी सिमेंटने किंवा लांबीने बुजवा, अंथरूण कढत पाण्यात धुवा. कुत्रा सुस्त झाला, खाईना, हिरड्या पांढऱ्या पडल्या तर गोचीड तापाची शंका घेऊन डॉक्टर गाठा. थांबून बघण्यासारखा तो आजार नाही.

कुंपण : साखळीपेक्षा बरं

मध्यम कुत्र्याला 10 बाय 5 फूट जागा आणि 6 फूट उंच जाळी हे चालण्यासारखं माप. वेल्डरकडे जाण्याआधी हिशोब करून जा. चार बाजू मिळून 30 फूट, गुणिले 6, म्हणजे 180 चौरस फूट. वरची जाळी 50 चौरस फूट. एकूण 230 चौरस फूट, दारासकट. कोटेशन घेताना अँगल, जाळी, रंग आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या.

जाळी 10 गेज किंवा त्याहून जाड घ्या. गेजचा आकडा जेवढा लहान तेवढी तार जाड. खालचे दोन फूट बारीक वेल्डमेश लावली तर मोठा साप आत येत नाही, पिल्लाचं डोकंही अडकत नाही. कुत्रा उकरून बाहेर पडणारा असेल तर जाळी एक फूट जमिनीत गाडा किंवा कडेने चिरे बसवा. दार आत उघडणारं, कड्या दोन.

सगळीकडे कोबा नको. कठीण जमिनीवर पडून मोठ्या कुत्र्यांच्या कोपरांना घट्टे पडतात. अर्ध्या भागात कोबा, 10 फुटांना 3 इंच उतार देऊन. अर्ध्या भागात माती, वर झाडाची सावली. ते झाड कण्हेरीचं मात्र नको, ती विषारी असते.

साखळीबद्दल कायदाही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 प्रमाणे जनावर फार आखूड किंवा फार जड साखळीने वाजवीपेक्षा जास्त वेळ बांधणं हा गुन्हा आहे. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने फिरवलं नाही, तर तोही त्याच कलमात येतो. तेव्हा कुंपण केलं तरी सकाळ-संध्याकाळचं फिरवणं चुकत नाही.

बिबट्याचा प्रश्न

खानापूर, चंदगड, दोडामार्ग, सत्तरी या जंगलपट्ट्यात बिबट्या कुत्र्यासाठी घरापर्यंत येतो. 2022 च्या ऑगस्टमध्ये बेळगाव शहरात जाधवनगर आणि गोल्फ मैदानाच्या भागात बिबट्या दिसला, तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. साखळीने बांधलेल्या कुत्र्याला अशा वेळी पळायलाही मिळत नाही. म्हणून कुंपणाला वरून जाळी हवीच. सहा फुटांची भिंत बिबट्याला काहीच नाही. जंगलाला लागून घर असेल तर रात्री कुत्र्याला पडवीत किंवा घरात घ्या. उरलेलं मटण, हाडं बाहेर टाकू नका. आणि तारेत घरचा करंट सोडण्याचा विचारसुद्धा नको; त्यात माणसं मेलेली आहेत.

पाणी, ऊन, उंदीर

पाण्याची भांडी दोन ठेवा, दोन्ही सावलीत. एक लवंडलं तरी दुसरं राहतं. दगडी डोणी असेल तर उत्तम, पाणी गार राहतं. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो. जोरजोरात धाप, चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, चालताना झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणं. सावलीत आणा, अंगावर साधं गार पाणी घाला, वारा घाला आणि लगेच डॉक्टरकडे न्या.

उरलेलं अन्न रात्रभर ठेवलं की उंदीर येतात. त्यांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही. वार्षिक लस घेताना रेबीजबरोबर याचीही आहे का, डॉक्टरांना विचारून घ्या.

शेवटी सवयीचं. नवीन घरात कुत्र्याला ढकलू नका आणि शिक्षा म्हणून तर कधीच कोंडू नका. त्याचं जुनं गोणपाट आत टाका, चार-पाच दिवस जेवण तिथेच द्या. अगदी लहान पिल्लू, म्हातारा किंवा आजारी कुत्रा आणि पगसारखा चपट्या नाकाचा कुत्रा बाहेर ठेवू नये, कितीही चांगलं घर केलं तरी. आमच्याकडे दुसरं घर कौलांचं झालं, दार पूर्वेला. त्या रात्री पाऊस झोडपत होता. सकाळी पाहिलं तर गाडीखाली कुणी नव्हतं.