मलिद्याचे ताट

कोकणातील बेने इस्रायल या मराठीभाषक यहुदी समाजात ईश्वराचे आभार मानण्यासाठी घरोघरी जो विधी केला जातो त्याला मलिदा असे म्हणतात, आणि या समाजाच्या जुन्या वसाहतींपैकी एक असलेल्या पनवेलचा इतिहास लिहिताना बंदर, घाटरस्ता आणि गाड्यांची चाके यांच्याबरोबर या विधीचीही नोंद घेणे आवश्यक ठरते. कृतज्ञता ही मनातली भावना न राहता ठरलेल्या जिनसांचे, ठरलेल्या पाठांचे आणि चारचौघांच्या साक्षीचे रूप कशी घेते, याचे इतके स्पष्ट उदाहरण उत्तर कोकणात क्वचितच आढळते.

समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, त्यातून सात जोडपी वाचली आणि पुढे त्यांची संतती कुलाबा व ठाणे भागातील गावागावांत पसरली. ज्या गावी वस्ती त्या गावाचे नाव आडनावात आले, त्यामुळे पेणकर, रोहेकर, नवगावकर यांच्याप्रमाणे पनवेलकर हेही बेने इस्रायलांचे आडनाव आहे. तेलाचा घाणा हा त्यांचा जुना धंदा होता. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, ते कटाक्षाने पाळत आणि त्या दिवशी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. 1830 मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यावर देशावरचा माल पनवेलच्या खाडीतून मुंबईला जाऊ लागला, गावाचे महत्त्व वाढले, बैलगाड्यांची चाके घडवण्याचा येथील धंदाही नावारूपाला आला आणि 1852 मध्ये पनवेलला नगरपालिका मिळाली. बेने इस्रायलांचे ‘बेथ एल’ हे प्रार्थनामंदिर त्याच्या तीन वर्षे आधी, 1849 मध्ये उभे राहिले. शहरातील एका तळ्याला लोक अजून इस्राईल तलाव म्हणतात.

यहुदी धर्माचरणात आभार हा सणासुदीचा नव्हे, रोजचा विषय आहे. पाव मोडण्यापूर्वी, फळ चाखण्यापूर्वी, सुगंध घेण्यापूर्वी, विजेचा लखलखाट पाहिल्यावर किंवा मेघगर्जना ऐकल्यावर म्हणायची बेराखा, म्हणजे ईश्वराला धन्य म्हणणारे छोटे वचन, प्रत्येक वेळेसाठी ठरलेले असते, आणि माणसाने दिवसातून अशी शंभर वचने उच्चारावीत असे तालमूद या यहुदी धर्मग्रंथातील एक जुने वचन सांगते. कोकणातील बेने इस्रायलांना मात्र हिब्रू पोथ्यांचा आधार फार काळ नव्हता. शमा ही एकेश्वराची ग्वाही देणारी प्रार्थना, सुंता, शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे निर्बंध एवढे त्यांनी जपले होते. बाकीचे पाठ कोचीनहून आलेले यहुदी शिक्षक, मुंबईत हिब्रू शिकवणारे जॉन विल्सन यांच्यासारखे मिशनरी आणि 1846 मध्ये मुंबईत शिळाछापावर निघालेल्या मराठी अनुवादासह असलेल्या हग्गादासारखी, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायच्या पोथीसारखी, पुस्तके यांच्यामुळे एकोणिसाव्या शतकात त्यांच्याकडे परत आले. पाठ बाहेरून आले तरी जिन्नस घरचेच राहिले. शब्बाथच्या किद्दुशसाठी, म्हणजे पेला हाती घेऊन करायच्या पवित्र उच्चारासाठी, द्राक्षमद्य लागते. ते मिळत नसे, म्हणून काळ्या मनुका भिजवून आणि कुस्करून काढलेले सरबत वापरले जाऊ लागले.

मलिद्याच्या ताटात हेच अधिक ठळकपणे दिसते. भिजवून निथळलेल्या पोह्यांत खवलेला ओला नारळ, साखर किंवा गूळ आणि वेलची घालतात, वर सुका मेवा पसरतात, भोवती खजूर, केळी आणि हंगामातील इतर फळांच्या फोडी मांडतात आणि गुलाबाचे फूल किंवा सब्जाची डहाळी ठेवतात. जमिनीवर पांढरी चादर अंथरून मध्ये ताट ठेवले जाते, पुरुष टोपी घालून भोवती बसतात आणि हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, पाठ सुरू करतो. एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याचे स्तवनगीत सर्वजण मिळून गातात आणि इसहाकाने याकोबाला दिलेल्या आशीर्वादाची बायबलमधील वचने म्हटली जातात. त्यानंतर जिनसागणिक वेगळी बेराखा येते: झाडाच्या फळासाठी एक, जमिनीच्या फळासाठी दुसरी, सुगंधासाठी तिसरी. केळीचे खोड दरवर्षी मरते आणि नवे फुटते, म्हणून यहुदी धर्मशास्त्र केळ्याची गणना झाडाच्या फळात न करता जमिनीच्या फळात करते; अर्थात केळे हातात घेतलेल्या माणसाला आपण नेमके कशाबद्दल आभार मानतो आहोत हे ठाऊक असावेच लागते. कर्मकांडाला नावे ठेवणाऱ्यांनी हा बारकावा जरूर पाहावा.

प्रसंगही असेच नेमके असतात. लग्नाआधी, सुंतेच्या वेळी, नव्या घरात प्रवेश करताना, आजारातून माणूस उठल्यावर, दूरच्या प्रवासापूर्वी किंवा बोललेला नवस पूर्ण झाल्यावर मलिदा केला जातो. मुंबईतील पहिले यहुदी प्रार्थनामंदिरही अशाच आभारातून उभे राहिले असे परंपरा सांगते. इंग्रजांच्या फौजेतील अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर, ज्यांना समाजात समाजी हसाजी म्हणत, ते टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि 1796 मध्ये त्यांनी ‘शाअर हाराहमीम’ बांधले. प्रार्थनामंदिराला बेने इस्रायल मशीद म्हणत, आणि मुंबईचे मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडले असेही सांगितले जाते.

मलिद्याच्या उगमाविषयी मतभेद आहेत. ‘बेने इस्रायलांचा इतिहास’ लिहिणारे हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्यासारख्या समाजातील अभ्यासकांनी आपल्या रूढींचा संबंध जेरुसलेमच्या मंदिरातील प्राचीन अर्पणांशी जोडला. त्यांचा ग्रंथ 1897 मध्ये लिहून झाला आणि 1937 मध्ये तेल अवीवला छापला गेला. दुसरीकडे, पीराच्या दर्ग्यात मलिदा चढवण्याची मुस्लिम शेजाऱ्यांची रीत आणि एलियाहूशी साम्य असलेला मुस्लिम लोकश्रद्धेतील ख्वाजा खिज्र यांकडे बोट दाखवणारेही आहेत. मंदिरातील अर्पणाशी धागा जोडणे मोहक असले तरी मधल्या अनेक शतकांचा दुवा हाती नाही, आणि नाव व पदार्थ पाहता शेजाराचे पारडे जड वाटते. मात्र उसन्या ताटावर म्हटले जाणारे पाठ अस्सल यहुदीच आहेत.

एलियाहू याच समाजाच्या भूमीवर येऊन गेला अशीही श्रद्धा आहे. अलिबाग तालुक्यातील खंडाळे गावी खडकावर असलेल्या खुणा त्याच्या रथाच्या व घोड्याच्या मानल्या जातात, त्या जागेला एलियाहू हन्नबीचा टापा म्हणतात, आणि शवात या यहुदी महिन्याच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे वृक्षांच्या नववर्षाला, तेथे जाऊन मलिदा करण्याची प्रथा आहे. 1948 नंतर समाजातील बहुतेक कुटुंबे टप्प्याटप्प्याने इस्रायलला गेली, तेथे त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली गेली, आणि 1964 मध्ये तेथील सरकारने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर करेपर्यंत त्यांना आंदोलन करावे लागले. त्या काळातही मलिदा त्यांनी सोडला नाही. खंडाळ्याच्या जागी त्यांनी हैफा येथील एलियाहूची गुहा धरली, आणि कोकणातून गेलेली कुटुंबे आजही तेथे पोहे व नारळाचे ताट घेऊन जातात.